बासष्टावा नळ

४ मे १९९६, शनिवार

आलं: क्लाउदीकडून पार्सल एक. आत वाळवलेले बटाटे एक पिशवी, हातमागाचा पट्टा एक, नळांचे फोटो एकसष्ट, चिठ्ठी अर्धं पान. जकात ६५० पेसेता. पोस्टातून घरी आणायला खर्च नाही, चालत गेले.

बटाटे काळे ठिक्कर आणि वजनाला बुचाइतके हलके. माझ्या नवऱ्याने, फेर्मिनने, एक दाताखाली धरून पाहिला. म्हणाला, "साडेसहाशेत दात पाडून मिळतो, तोही दवाखान्याची पायरी न चढता. तुझ्या बहिणीला माझा नमस्कार कळव."

बटाटे राहू देत. माझ्या मनात अर्धं पान राहिलं आहे. क्लाउदी चर्चची सिस्टर होऊन बोलिव्हियाला गेली त्याला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिचं पत्र कधी तीन पानांच्या आत आलं नाही. या वेळी लिहिते, "ताई, काम झालं. सरकारला हवे होते तसे प्रत्येक नळाचे फोटो पाठवते. प्रार्थनेत आठवण ठेव." संपलं. थकली असेल. तिलाही आता पंचावन्न झाली.

तिच्या गावात, वायरापात्यात, घरं बासष्ट. म्हणजे फोटो बासष्ट हवेत. दोनदा मोजले. एक वाटेत गळाला असावा, जकातवाल्यांनी पाकीट फोडून पुन्हा चिकटवलं आहे.

चाळिसाव्या फोटोत एक गंमत. नळाच्या मागे, जरा लांब, एक बाई उभी आहे आणि तिच्या अंगात माझा स्वेटर! करडा, कोपरांना हिरवी ठिगळं. फेर्मिनचे दोन जुने उसवून गेल्या वर्षी उपासाच्या दिवसांत विणून तिकडे पाठवला होता. बाईच्या दोन्ही हातांत पाण्याचे डबे आहेत. दारात नळ आला तरी डब्यांची सवय सुटत नाही, माणसाचं असंच असतं. प्रभूचे आभार मानले. लोकर वाया गेली नाही.

७ मे, मंगळवार

मिशन मंडळाची बैठक, चर्चच्या मागच्या खोलीत. आम्ही पाच बायका. अध्यक्ष युलाली, खजिनदार मी. आमचं प्रांतिक सरकार परदेशातल्या गरीब गावांना मदत करतं, त्यातून वायरापात्याच्या पाण्यासाठी नव्वद लाख पेसेता मिळाले. शेवटचे अठरा लाख अडकले आहेत. २८ जूनच्या आत अंतिम अहवाल राजधानीत, गास्तेइसच्या कचेरीत गेला पाहिजे, अध्यक्ष आणि खजिनदार दोघींच्या सह्यांनिशी. त्या अठरा लाखांवर तिथल्या पाइपवाल्या दुकानदाराची उधारी आहे आणि त्याला शब्द क्लाउदीने दिला आहे.

मी म्हटलं, फोटो एक कमी आहे, क्लाउदीला लिहून मागवते.

युलाली म्हणाली, "कशाला? कुठल्याही एका नळाच्या दोन प्रती काढ. नळ सगळे सारखेच दिसतात."

"आणि कुणी विचारलं तर?"

"गास्तेइसला कोण नळांचे चेहरे ओळखतंय, बिशेंता!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण प्रती काढणार नाही. लहानपणी पहिल्या कम्युनियनला युलाली नि मी एकाच मेणबत्तीवरून आपापली मेणबत्ती लावली. तेव्हापासून चर्चमधला बाकही एकच. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे, घाई फार. ती घाई करते आणि मी निस्तरते, अशी आमची चोपन्न वर्षं गेली.

११ मे, शनिवार

आज औसोलान, सगळ्या वाडीने मिळून करायचं काम. वरच्या वाडीचा रस्ता पावसाने खचला होता. घरटी एक माणूस, फावडं ज्याचं त्याने आणायचं, दुपारी घेवड्याची आमटी नि साइडर मंडळाकडून. तीस घरांपैकी तेवीस आली. पूर्वी असं नव्हतं. बाबा वाडीचे पुढारी होते तेव्हा कुणाची छाती नव्हती दांडी मारायची. १९५८ साली डोंगरातलं पाणी खाली आणलं तेव्हाचा नियम त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात आहे: ज्या घराचे हात नाहीत, त्या घराला पाणी नाही.

सरकारचा अर्ज मी भरत होते, तेव्हा कचेरीतल्या मुलीने फोनवर विचारलं होतं, "गावकऱ्यांचा सहभाग कसा घेणार? जे घर काम करणार नाही त्याचं काय?" मी जागची न उठता बाबांची वही उघडली आणि तेच वाक्य कलम सात म्हणून उतरवलं. घरटी चाळीस दिवस. मुलगी खूश झाली. "इतकं स्पष्ट कुणीच लिहीत नाही हो," म्हणाली. त्या दिवशी बाबा असायला हवे होते.

हजेरीची वही कासियानोकाकांकडे. फेर्मिनची पाठ गेल्यापासून आमच्या घरातून कुणी जात नाही, पण काका आमच्या नावापुढे बरोबरची खूण करतात. त्याची पाठ सगळ्यांना माहीत आहे.

२२ मे, बुधवार

पत्र आलं. बोलिव्हियाचं तिकीट, पण अक्षर क्लाउदीचं नाही. मोठाली अक्षरं, शाळेतल्यासारखी, रेघ सोडून वर गेलेली. पाकिटात माझीच चिठ्ठी घडी करून घातलेली. मी प्रत्येक स्वेटरच्या खिशात टाचते ती: माझं नाव, पत्ता, आणि "तुमच्यासाठी प्रार्थना करते." पत्र इथे जसंच्या तसं उतरवते.

"बिशेंताबाई, मी आसुंता कोल्के. तुमचं नाव स्वेटरच्या खिशात होतं. मी सिस्टर क्लाउदीकडे अक्षरं शिकले. हे माझं पहिलं पत्र. माझा नवरा खाणीत मेला. सासू अंथरुणाला आहे. घरात खणणारं कुणी नाही. चाळीस दिवस पाहिजे होते. मी अकरा दिवस खणलं. मग सासू पडली. पाइप शेजारणीच्या दारापर्यंत आला आणि थांबला. शेजारणीच्या नळाचं पाणी घेतलं तर तिचाही नळ बंद करतील, म्हणून मी ओढ्यावर जाते. सिस्टर म्हणते, नियम बिशेंताबाईंचा आहे, समुद्रापलीकडून आला आहे, माझ्या हातात नाही. स्वेटर गरम आहे. तुम्ही मला स्वेटर दिला आणि पाणी नाही दिलं. का, तेवढं कळवा."

फेर्मिनला वाचून दाखवलं. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "पहिलं पत्र म्हणजे छानच लिहिलंय."

मला मात्र एकच वाक्य टोचतंय. नियम बिशेंताबाईंचा आहे. माझ्या पाठच्या बहिणीने परक्या गावात माझं नाव असं पुढे केलं! मी कुणाचं पाणी तोडलं? मी इथे बसून उसवलेली लोकर धुते, ओव्हनची ऊब वाया जाऊ नये म्हणून तिच्यावर सुकवते, पोस्टाचे पैसे वाचावेत म्हणून पातळ कागदावर लिहिते, ते या लोकांसाठीच ना? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

जपमाळ घेतली. तिसऱ्या रहस्याच्या मण्यांवर कुठे आहे ते विसरले, पुन्हा पहिल्यापासून.

२३ मे, गुरुवार

युलालीकडे गेले. ती अंगणात चादरी वाळत घालत होती. पत्र पुढे केलं. तिने दोन ओळी वाचल्या आणि चिमटा तोंडात धरूनच म्हणाली, "अगं, गरिबाला एक नळ दिला की तो दुसरा मागतो."

"हिला पहिलाच मिळालेला नाही."

"बासष्टात एक. डॉक्टरसुद्धा यापेक्षा जास्त मारतात."

"पण क्लाउदीने आपल्याला कळवायला नको? अर्ध्या पानात तिने काम झालं म्हणून लिहिलं."

युलालीने चादर झटकली. पाणी माझ्या तोंडावर उडालं. "हे बघ बिशेंता, अहवालात बासष्ट लिही, मी सही करते, तू सही कर, पैसे येऊ देत. मग त्या बाईचा नळ बसवू की. तुला सही करायची आहे की संत व्हायचं आहे?"

तिचं म्हणणं व्यवहाराचं आहे. परतताना वाटेत पटतसुद्धा होतं. मग आठवलं, सबंध बोलण्यात तिने एकदाही विचारलं नाही की ही आसुंता कोण. जशी काही ती तिच्या ओळखीचीच होती.

२ जून, रविवार

वायरापात्यात फोन नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी क्लाउदी ट्रकमधून चार तास प्रवास करून बाजाराच्या गावी येते आणि चर्चमधून मला फोन करते. तीन मिनिटं. मेमध्ये ट्रकच निघाला नाही म्हणून फोन चुकला होता. आधी नेहमी मीच बोलते, कारण मला बातम्या फार. आज मी म्हटलं, "आसुंता कोल्के."





"तिने लिहिलं का तुला?" तिचा आवाज एकदम लहानपणचा झाला. "लिहिणार म्हणत होती. मला वाटलं, धीर होणार नाही तिला."

"तू माझं नाव घेतलंस. माझ्या नावावर तिचं पाणी अडवलंस."

"ताई, कलम तुझंच आहे ना? गावच्या सभेत वाचून दाखवावं लागलं. ज्यांनी चाळीस दिवस खणलं ते म्हणाले, कागदावर आहे तर कागदाप्रमाणे होऊ दे. आम्ही हात सोलून घेतले, ती का सुटणार? मी काय सांगू? मी म्हटलं, नियम माझा नाही."

"म्हणजे माझा!"

"मग कुणाचा?" आणि मग, "मी डिसेंबरात लिहिलं होतं ना तुम्हाला. कलम बदला, विधवांना सोडा म्हणून. चार पानं. उत्तर आलं की बदलता येणार नाही."

"कुणी लिहिलं उत्तर?"

"मंडळाचा शिक्का होता. युलालीची सही. मला वाटलं तू सांगितलंस तिला लिहायला. म्हणूनच नंतर तुला लिहायला काही सुचेना."

मिनिटं संपली. फोन हातात घेऊन मी उभीच. फेर्मिन म्हणाला, "ठेव तो, ओढून ओढून वायर निघेल."

३ जून, सोमवार

युलालीने नाही म्हटलं नाही, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवते. स्वयंपाकघरातल्या कपाटाचा खण उघडला, बिलांच्या खालून पत्र काढून टेबलावर ठेवलं. क्लाउदीची चार पानं. आणि वर माझं नाव. मंडळाच्या पत्त्यावर, पण "ताईस" म्हणून.

"फोडलंस?"

"मंडळाला आलं होतं."

"ताईस लिहिलंय. तुला ताई कोण म्हणतं गं?"

ती बसली. "तुला दिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पहिली बस पकडून गास्तेइसला गेली असतीस. नियम चुकला, कागद बदला, म्हणाली असतीस. तुला ओळखत नाही का मी? पैसे वर्षभर अडकले असते. एकसष्ट घरं कोरडी राहिली असती, एका घरापायी. मी एकसष्ट घरांचं बघितलं."

"मला विचारायचंस."

"तू कधी विचारतेस कुणाला? कलम सात लिहिताना विचारलंस? आम्हाला तू ते वाचून दाखवलंस, अर्ज पोस्टात पडल्यावर."

हे तिने बोलायला नको होतं. इतक्या वर्षांची मैत्रीण चोरून पत्र फोडते आणि वर हिशेब मलाच मागते. मी पत्र घेतलं आणि निघाले. दारात म्हणाली, "अंड्यांची टोपली राहिली तुझी." राहू दे म्हटलं.

घरी येऊन पत्र वाचलं. तिसऱ्या पानावर लिहिलं आहे: "ताई, आपल्याकडे नियम असतो आणि माणसंही असतात. इथे फक्त नियम पोचला. तुझा कागद देवाच्या आज्ञांसारखा भिंतीवर लावलाय. आपल्या आईचं काय झालं होतं ते आठव." आईचं काय झालं होतं? मला कळलं नाही.

९ जून, कॉर्पुस क्रिस्तीचा रविवार

मिरवणूक निघाली. मी युलालीच्या बाकावर बसले नाही. खांबामागे बसले, तिथून वेदी दिसत नाही. फादरना कन्फेशनमध्ये सांगितलं तर म्हणाले, तिच्यासाठी प्रार्थना कर. करते आहे, पण दात आवळून.

जेवताना फेर्मिनला विचारलं, "आईचं काय झालं होतं पाण्याच्या वेळी?"

त्याने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला. "कुठल्या पाण्याच्या?"

"अठ्ठावन्नच्या. बाबा मार्चात गेले. चर खणायला मे उजाडला. पण आमचे दिवस बाबांनी आधीच भरले असणार, ते पुढारी होते."

"चर खणायच्या आधीच दिवस भरले? मातीत का हवेत?" तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. "अगं, तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"तुमच्या घराचा चर कुणी खणला असं वाटतं तुला? संत जोसेफने? पहाटे यायचो आम्ही, बाकीचे यायच्या आधी, तू उठायच्या आत. मी, कासियानो, युलालीचे वडील, तो लंगडा गुराखी. पंचवीस दिवस. कासियानो तुझ्या आईच्या नावापुढे खूण करायचा. तुझी आई खिडकीतून बघायची आणि खिडकी लावून घ्यायची. बोलायचं नाही असं ठरलं होतं."

"पण नियम तर..."

"नियम होताच. तुझ्या बाबांचा नियम कुणी मोडला नाही. एकाही घराचे दिवस भरायचे राहिले नाहीत." त्याने ताट पुसून घेतलं. "मला तर फायदाच झाला. तुझी आई म्हणाली, हा पोरगा कामाचा आहे."

मी उठून भांडी घासायला घेतली. अडतीस वर्षं मी त्या नळाचं पाणी प्यायले. अडतीस वर्षं सगळ्या वाडीला ठाऊक, क्लाउदीला ठाऊक, युलालीला घरातूनच ठाऊक. मला कुणी सांगितलं नाही. कुणावर जास्त रागवावं तेच कळेना. बाबांच्या वहीत खुणा आहेत, पण कुणी खणलं ते कुठेच लिहिलेलं नाही. मी वही वाचली आणि तेवढंच समुद्रापलीकडे पाठवलं.

१५ जून, शनिवार

रस्त्याचं उरलेलं काम. फेर्मिनचं फावडं घेऊन मी गेले. साठ वर्षांची बाई फावडं घेऊन आली म्हणून वरच्या वाडीची पोरं बघायला लागली. एक जण म्हणाला, "काकू, आमटी तिकडे शिजतेय, वाट चुकलात."

"तू खण, मग तुला आमटी वाढते," मी म्हटलं.

दुपारपर्यंत खणलं. हाताला तीन फोड. कासियानोकाका वही घेऊन आले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, चष्मा दोऱ्याने बांधलेला. "फेर्मिनच्या घराची खूण करू?"

"ती तुम्ही नेहमीच करता. आज दुसरं घर लिहा."

"कुठलं?"

"आसुंता कोल्के."

"ही वरच्या वाडीतली का खालच्या?"

"वरची," मी म्हटलं. "खूप वरची."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नाव लिहिलं, स्पेलिंग विचारून घेतलं, पुढे खूण केली. आणखी काही विचारलं नाही.

२६ जून, बुधवार

अहवाल पूर्ण केला. "नियोजित नळ ६२. बसवलेले नळ ६१. एक घर राहिलं याचं कारण कलम सात. ते कलम मी लिहिलं, मंडळाला न विचारता. अध्यक्षांचा त्यात भाग नाही."

युलालीकडे सहीला नेला. तिने शेवटची ओळ दोनदा वाचली. "ही ओळ माझ्यावर उपकार म्हणून घातलीस?"

"खरी आहे म्हणून घातली."

"एकसष्टवर मी सही करणार नाही. त्या दुकानदाराला तुझी बहीण तोंड देणार आहे, मी नाही." मग म्हणाली, "बाकावर परत ये. लोक विचारतात."

"पत्र परत बंद करता येतं का?" मी म्हटलं. तिने टोपली पुढे केली. आत अंडी होती. टोपली घेतली, अंडी टेबलावर काढून ठेवली.

एकाच सहीचा अहवाल रजिस्टर पोस्टाने पाठवला. पैसे मिळतील का, अडकतील का, देव जाणे आणि गास्तेइस जाणे.

२८ जून, शुक्रवार

क्लाउदीला लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

"प्रिय क्लाउदी,

तुझी डिसेंबरची चार पानं मला जूनमध्ये मिळाली. तू माझं नाव पुढे करून स्वतः मागे उभी राहिलीस, ते मला अजून गिळता आलेलं नाही. तू मला ओळखत होतीस. तुला वाटलं, मी असं उत्तर देईन. हे जास्त लागलं. पण तो हिशेब तू घरी येशील तेव्हा समोरासमोर करू, आणि मी सोपं जाऊ देणार नाही.

आता कामाचं. पाकिटात मंडळाच्या शिक्क्याचा एक कागद आहे. शिक्का आता मी माझ्याकडे ठेवते. त्यावर एवढंच लिहिलं आहे: घर क्रमांक ६२, आसुंता कोल्के, चाळीस दिवस पूर्ण. तो भिंतीवर माझ्या कलमाशेजारी लाव. अकरा दिवस तिने स्वतः खणले. एक दिवस इथे भरला, वहीत आहे, कासियानोकाका साक्षीला आहेत. अठ्ठावीस उरतात. खोटं मी अहवालात लिहिलं नाही, पण या कागदावर लिहिलं आहे, आणि त्याचं काय ते मी प्रभूला सांगेन. तू ते खरं कर. पहाटे, बाकीचे उठायच्या आत. तू, तुझ्या दोघी सिस्टर, आणखी कुणी मुकाट्याने येत असेल तर तो. त्या चरात पाइप टाकायला लागतील ते पैसे माझ्या घरखर्चातून पाठवते, मंडळाचे नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचं नाही. आसुंताने खिडकी लावून घेतली तर उघडायला लावायची नाही. हे तुला मी शिकवायला नको, तुला आधीपासून माहीत होतं.

तिला सांग, पत्र मिळालं. तिने विचारलं आहे, का. उत्तर मला नीट लिहिता येत नाही, म्हणून अजून लिहिलं नाही. तिला एवढंच सांग की नियम बिशेंताचा होता. तेही खरं आहे.

वाळवलेले बटाटे दोन रात्री भिजवून मग शिजतात, हे आधी कळवायला हवं होतंस. फेर्मिनची दाढ दुखते आहे.

बासष्टावा फोटो नको. तिच्या नळाला पाणी आलं की नाही, तेवढं एक वाक्य पाहिजे, अर्धं पानसुद्धा नको, आणि वर नाव माझं एकटीचं, मंडळाचं नाही, घरच्या पत्त्यावर. उलट टपाली कळव.

तुझी ताई,
बिशेंता"